सोंगाड्या बदक

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही — ती न ऐकताच गेली. पोराले नाही. देवाले सांगाची गरज नाही. तो असल त त्या सकाळी तलावावर असलच, त्यानं पायलं असल. तुले सांगून राहिलो, कारण तू माझ्या ओळखीचा नाहीस. ओळखीच्या माणसापुढं माझी मान वाकत नाही. जन्माची खोड आहे. आता शहात्तराव्या वर्षी काय जाते?

एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. वाचता वाचता "बिचारा म्हातारा" असं मनात आलं, त वही मिटव आन आपल्या कामाले लाग. मी बिचारा नाही. दोन वेळचा भात माझ्या बांधीचा, माझ्या धानाच्या शेतातला खातो. काठी न टेकता तलावाच्या पारीवर, उंच बांधावर चढतो. गावात कोणी मले अरे-तुरे करत नाही. मरण जवळ आलं म्हणून भ्यालो, असंही समजू नको. मरणाले भेणारा असतो त हे दोन वर्षं आधीच लिहिलं असतं — काऊन, ते पुढं येईल.

मी चौथी शिकलो. चौथीही पुरी नाही. मास्तरनं दुसऱ्याच्या चुकीपायी माझ्या हातावर रूळ मारला. मी पाटी उचलली, त्याच्या टेबलावर ठेवली आन घरी आलो. बापानं कासऱ्यानं झोडपलं, मायनं रडून पायलं — गेलो नाही त नाहीच गेलो. म्हणून माझ्या लिहिण्यात काना-मात्रा चुकल. चुकू दे. गोष्ट चुकणार नाही.

आमचा तलाव केशोरीपासून लांब नाही. नाव लिहीत नाही. आधीच गाड्या कमी येतात का? आमच्या पूर्वजानं तो बांधला, माती डोक्यावर वाहून. पाणी सोडाचं दगडी तोंड, ज्याले आम्ही तुडुम म्हणतो, ते अजून त्याच्याच हातचं आहे. हे काऊन सांगतो? मोठेपणा म्हणून? हो, मोठेपणा म्हणूनच. लहानपणापासून मी या पाण्याले आपलं समजत आलो. मासोळी ढिवरांची, शिंगाडे ढिवरांचे — पण तलाव आमचा. आन तलाव आमचा त त्याच्यावर उतरणारी पाखरंही आमचीच, नाही का? असं माझं डोकं चाले. अजूनही चालते, खोटं कायले बोलू.

दिवाळी सरली, गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भराले लागल्या, की ती उतरतात. डोक्यावर दोन काळ्या रेघा असलेले मोठे हंस. सुईसारख्या शेपटीचे. लाल डोक्याची लालसरी. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. आन सगळ्यात लहान, सगळ्यात जास्त — चक्रांग, सुपातून धान सांडावा तशी पाण्यावर सांडलेली. होळीपर्यंत रायतात, मंग एका रात्रीतून गायब. मी ती पुस्तकातून शिकलो नाही. बांधीवर धानाची राखण करता करता शिकलो. कोणतं कसं उठते, कोणतं कसं बसते, कोणतं कोणाच्या शेजारी झोपते. डोळे मिटून पंखाच्या आवाजावरून सांगतो. हे कोणी खोटं म्हणून दाखवावं.

पाखरं पाहणारे लोक येऊ लागले तेव्हा त्यांना हे समजलं. गोंदियाहून येत, नागपूरहून येत. गळ्यात दुर्बिणी, हातात जाडी जाडी पुस्तकं, आन तरी मलेच विचारत — "दसारामजी, ये कौन सा है?" दसारामजी! बापाच्या तोंडून मी कधी नुसतं दसाराम ऐकलं नव्हतं, नेहमी "अबे ए". त्यांनी मले एक दुर्बीण दिली. एकदा गोंदियाच्या हॉलात शाल दिली. त्या शालीची घडी मी अजून मोडली नाही. तलावाच्या पारीवर पाखरांच्या नावाची पाटी लागली, ती सगळी नावं माझ्या तोंडची. मी हो म्हटलं की ते नाव पाटीवर चढे. मी नाही म्हटलं की नाही. चौथी नापास माणसाचा शब्द कॉलेजातल्या लोकांच्या पुस्तकात जाये. तुझा शब्द कधी असा चालला का? चालला असल त पुढचं तुले समजल.

आता सांगतो. नाही, थांब. आधी फागू.

फागू ढिवर, मासोळी मारणारा, आमच्याच टोलीतला, आमच्या वस्तीतला. माझ्याहून दोन वर्षं लहान. तरणे होतो तेव्हा मंडईच्या दंडारीत, रातभरच्या नाच-नकलेच्या खेळात, दोघंही रहो — मी ढोलकीवर, आन तो सोंग काढे. कधी राजा, कधी राक्षस, कधी सासू. गालाले पिवडी, डोळ्यांत काजळाची रेघ पार कानापर्यंत, आन असा नाचे की म्हातारे लोक पोट धरत. दंडार बंद पडली, पण त्याचं तोंड तसंच राहिलं. साधी गोष्ट सांगे, तीही भिवया नाचवून सांगे. दिवसभर डोंग्यात, आपल्या लाकडी होडीत. पाण्यावर त्याची नजर अशी की खाली कोणती मासोळी वळली हे वरून सांगे. लोक म्हणत, पाणी फागूचं आन पाखरू दसारामचं. मले हे मंजूर होतं. वाटणी साफ होती.

पंधराएक वर्षं झाली असतील. गोंदियाजवळच्या फुलचूरले रायणाऱ्या एक मॅडम येत, कॉलेजात शिकवत. माणूस म्हणून चांगल्या. पारीवर खाली बसून आमच्यासोबत खात. त्या हिवाळ्यात त्या तीन दिवस सुटी काढून आल्या, सोबत आणखी चार जण, एकाजवळ हातभर नळीचा कॅमेरा. मॅडमनी मले बाजूले घेऊन पुस्तक उघडलं. एक बदक दाखवलं. चक्रांगाएवढंच, पण तोंड — तोंड कोणी रंगवावं तसं. गालावर पिवळी कोर, तिच्या मांगं हिरवी, मधातून डोळ्यापासून गळ्यापर्यंत काळी रेघ. म्हणाल्या, "दसारामजी, दूर के मुल्क का है. इधर कभी भटक के आता है. पिछले हफ्ते किसी ने इस इलाके में उड़ते देखा. चक्रांग के झुंड में छुपा होगा. मिलेगा तो आपको ही मिलेगा."

मिलेगा तो आपको ही. हे शब्द लक्षात ठेव.

तीन दिवस शोधलं. हजार चक्रांगांत एक. पाय बरं शोधून — मान घातलेली, पंखात चोच खुपसलेली, एक वळलं की दहा वळतात, आन मोजलेलं पुन्हा तिथंच येते. डोळ्यांतून पाणी येये. डोंगा फागूचा होता, बांबू मारणारा फागू. त्याले मी सांगितलं होतं, नवं पाखरू शोधून राहिलो. पुस्तक दाखवलं नाही. कायले दाखवू? त्याचं काम बांबूचं.

तिसऱ्या दिवशीची सकाळ. मॅडम आन बाकीचे पारीवर, एवढ्या दुरून त्यांना काही दिसत नव्हतं. आम्ही दोघं शिंगाड्याच्या वेलाच्या कडेनं. पाण्यावरचं धुकं नुकतं उठून राहिलं होतं. मी समोर बसलेला, डोळ्याले दुर्बीण. तो मांगं उभा, हातात बांबू, उघड्या डोळ्यानं.

त्याले पहिले दिसलं.

"दसाराम," हळूच बोलला. "डावीकडं पाय. वेलाच्या पलीकडं, चक्रांगाच्या मधात. थो कोण होय गा? तोंडावर सोंग काढलं बाप्पा त्यानं!"

मी दुर्बीण वळवली.

होतं. तेच होतं. पिवळी कोर, हिरवी कोर, काळी रेघ, छातीवर बारीक ठिपके, खांद्यावरून लोंबणारी लांब पिसं. मान उंच करून इकडंतिकडं पाहून राहिलं होतं, जसा परगावचा पाहुणा लग्नात पाहते. सुपारी-तमाखूचा खर्रा घोटाले लागतो तेवढा वेळ मी त्याले पायलं. इतकं साफ की त्याच्या चोचीवरचा पाण्याचा थेंब दिसला. हे मुद्दाम लिहितो, पुढं याचंच काम आहे — मले साफ दिसलं.

आन मी म्हटलं, "चक्रांग होय. तोंडाले शेवाळ लागलं."

"शेवाळ पिवळं रायते का गा?"

"ऊन पडलं त्याच्यावर."

"ऊन निघालं कुठं अजून?"

"तू बांबू मार."

त्यानं बांबू मारला नाही. पाहतच राहिला. तेवढ्यात वरून शिकारी घार गेली आन सगळा थवा एका झपाट्यात उठला. पंखांचा आवाज, जशा पिंपात गारा ओताव्या. संपलं.

इथंच संपलं असतं त मी ही वही विकत आणली नसती. एका माणसानं दुसऱ्याले "तुले नीट दिसलं नाही" म्हणणं — असं रोज होते. पुढचं ऐक.

पारीवर आलो. सगळे शिदोऱ्या सोडून बसले होते. फागूले कोण थांबवणार? तो डोंग्यातून उतरता उतरताच सांगाले लागला. कसं होतं, मान कशी वळवली, तोंड कसं. सांगता सांगता दंडार अंगात आली. आपल्या शिदोरीतल्या झुणक्यात बोट बुडवलं आन गालावर पिवळी कोर काढली. तिच्या मांगं पाण्यातलं हिरवं शेवाळ लावलं. काठचा काळा चिखल घेतला, डोळ्यापासून गळ्यापर्यंत रेघ ओढली. मान उंच केली, इकडंतिकडं पायलं. मंग हात जोडून म्हणाला, "असा होता पाहा जी तुमचा पाहुणा. सोंगाड्या बदक!"

कोणी हसलं नाही तेव्हा. मॅडमच्या हातचा घास हातातच राहिला. त्यांनी पुस्तक उघडलं, फागूच्या गालाजवळ धरलं. एकदा चित्र पाहत, एकदा गाल. रेघेले रेघ लागली होती, राजा.

"फागूजी, ये फोटो आपने पहले देखा था?"

"नाही जी. मले कोण दाखवते पुस्तक?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "दसारामजी? दुर्बीण तो आपके पास थी."

सगळे माझ्याकडं पाहून राहिले होते. फागूही — तोंडावर झुणका, डोळ्यांत आनंद. त्याले वाटलं, मी चेष्टा करून राहिलो होतो डोंग्यात. आता खरं सांगीन.

मी सांगितलं, "चक्रांग था मॅडम. शेवाळ लगा था. आन फोटो — काल मीच दाखवला त्याले. सोंग करून राहिला थो."

झालं. हे ते. दोन खोटी. पाखरू मी पायलं होतं — नाही म्हटलं. पाखरू मी पायलं होतं — नाही म्हटलं. पहिलं खोटं डोंग्यातल्या रागाचं म्हण. दुसरं? दुसरं मी पूर्ण शुद्धीवर, सगळ्यांच्या डोळ्यांत पाहत, विचार करून बोललो. मले ठाऊक होतं, त्याच्या जवळ एकच पुरावा आहे — त्यानं चित्र पायलं नव्हतं. नेमका तोच मी काढून घेतला.

मंग तो कॅमेऱ्यावाला हसला — "अरे वा, सोंगाड्या!" आन सगळे हसले. मॅडमही हसल्या, थोडंसं, सुटका झाल्यासारख्या. पुस्तक मिटलं. फागू माझ्याकडं पाहत होता. मंग तोही हसला. पाहुण्यांच्या मधात हसाचं असते म्हणून हसला. पाण्याजवळ जाऊन बसला, तोंड धुवाले लागला. झुणक्यात हळद रायते, लवकर निघत नाही. बराच वेळ घासत होता. मी माझा भात खाल्ला. सगळा खाल्ला.

दुपारी ते लोक गेले. मी नाही म्हटल्यावर थांबून काय करणार?

अजून एक आहे. हेही लिहून टाकतो, अर्धं कायले ठेवू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा तुडुमाजवळ जाऊन बसलो. ते होतं. तिथंच, चक्रांगाच्या मधात. त्याच्या दुसऱ्या दिवशीही होतं. तीन सकाळी मी त्याले पायलं, पोटभर. आन तुले खरं सांगू? मले बरं वाटलं. लाज नाही वाटली. माझ्या पूर्वजाच्या तलावावर, माझ्या एकट्यासाठी उतरलेलं. चौथ्या दिवशी नव्हतं. मॅडमचा नंबर चिठ्ठीवर होता, दुकानात फोन होता. नाही केला.

काऊन केलं मी हे? तू विचारशील. जळलो म्हणून? हो. तीन दिवस मी दुर्बीण घेऊन शोधलं आन बांबू मारणाऱ्याले उघड्या डोळ्यानं गवसलं. मिलेगा तो आपको ही मिलेगा — आन मिळालं ढिवराले. एवढंच. याच्याहून मोठं कारण नाही, आन मी खोदतही नाही. माणसं मोठं कारण शोधतात, म्हणजे दोष लहान दिसावा.

सोंगाड्या. हे नाव त्याच सांजच्याले टोलीत पोचलं. आधी थट्टा होती. मंडईत पोट्टे ओरडत — "सोंगाड्या, बदक दिसलं का गा?" मंग थट्टा रायली नाही. ढिवरांच्या बैठकीत फागूनं म्हटलं, अमक्या कोपऱ्यात जाळं टाकू नका, खाली खोड आहे, त उत्तर — "सोंगाड्याचं काय खरं मानता?" जाळं फाटलं तरी नाव गेलं नाही. त्याच्या पोरीले पाहाले पाहुणे आले, त रस्त्यात कोणी विचारलं, "सोंगाड्याकडं का?" त्या पाहुण्यांनी मले विचारलं, कसा आहे माणूस. मी म्हटलं, माणूस चांगला आहे. एवढं म्हटलं. एवढंच म्हटलं. पोरीचं लग्न झालं, दुसरीकडं झालं.

मास्तरच्या रूळाले मी नऊ वर्षांचा असताना क्षमा केली नाही. फागू माझ्यासोबत बोलत राहिला. खर्रा देये. हेच मले सहन होत नव्हतं, सांगतो तुले.

आन दर हिवाळ्यात, थवे उतरले की तो पहाटे डोंगा काढे. मासोळीसाठी नाही — जाळं घरीच ठेवे. चक्रांगांच्या कडेकडेनं हळूहळू जाये, एक एक तोंड पाये. लोक पारीवरून ओरडत, "गवसलं का गा?" तो म्हणे, "दिसल." तेरा हिवाळे. दुर्बीण नव्हती त्याच्याजवळ. माझी घरात खुंटीवर होती.

दोन वर्षांआधी त्याची छाती भरली. ब्रह्मपुरीले नेऊन आणलं, मंग घरीच होता. मी भेटाले गेलो. त्याची बायको भागरता पाणी आणाले बोअरिंगवर गेली. घरात आम्ही दोघं. तो बाजेवर. मले जवळ बोलावलं.

"दसाराम. तू पायला होतास ना?"

कोण ऐकाले होतं तिथं? कोणी नाही. मरणारा माणूस, आन मी. हो म्हणाले किती श्वास लागतो? अर्धा. शाल कोणी परत नेली असती का? पाटी कोणी काढली असती का? काहीच झालं नसतं.

मी म्हटलं, "नाही गा. चक्रांग होतं थो."

त्यानं तोंड छपराकडं केलं. मंग म्हणाला, "मंग मलेच भास झाला असल."

तेरा हिवाळे गावानं हसून जे त्याच्या हातून सुटलं नाही, ते त्यानं माझ्या एका शब्दावर सोडून दिलं. आपलं स्वतःचं पायलेलं. चौथ्या दिवशी गेला. मरणाले भेणारा असतो त तेव्हाच लिहिलं असतं, असं वर म्हटलं ते याच्यासाठी. त्याच्या मरणानंही मी हललो नाही.

मंग आता काऊन? ऐक, आन हसाचं त हस.

मागच्या हिवाळ्यात मॅडम आल्या. आता रिटायर झाल्या, केस पांढरे. फागू गेल्याचं ऐकून वाईट वाटलं त्यांना. म्हणाल्या, "दसारामजी, मैं कभी-कभी सोचती हूँ. शायद फागूजी सही थे. उस दिन रोशनी कम थी. आपकी भी नज़र चूक सकती है. इंसान हैं."

नजर चुकली!

माझी? धुक्यात पंखाच्या आवाजावरून थापट्या ओळखणाऱ्याची? मले खोटा म्हणा, जळका म्हणा, पापी म्हणा — पण दसारामची नजर चुकली हे मी ऐकून घेणार नाही. मले चोचीवरचा थेंब दिसला होता! त्या बाईनं चांगल्या मनानं माझ्यासाठी एक दार उघडलं होतं, आन मले त्या दारातून जाता येईना — मान वाकवावी लागत होती. काय गंमत आहे पाय. ज्या ताठ्यानं खोटं बोललो, त्याच ताठ्यानं आता खोटं सुटू देईना.

तोंडानं तरी बोललो नाही. वाटलं, पाटीवर लिहू. यंदा मंडईच्या आधी रंगाची डबी आणली, बुरुश आणला. पाटीवर सगळ्यात खाली जागा होती. माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं — "सोंगाड्या बदक. पाहणारा: फागू ढिवर." त्यानंच ठेवलेलं नाव, ते मी कायले बदलू? पाटीवर चढलं म्हणजे खरं झालं, असा माझा समज. आजवर तसंच होत आलं होतं.

सांजच्याले सगळी टोली पारीवर. आन सगळे हसून राहिले होते! "सोंगाड्या मेल्यावरही त्याची टोपी उडवली दसाराम बाबानं!" एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या! नाव खरं होतं, माणूस खरा होता, आन त्या गावात त्या शब्दाचा एकच अर्थ शिल्लक होता — तो मी दिलेला.

भागरता आली. हातात घासलेटची बाटली आन फडकं. पाटीजवळ जाऊन पुसाले लागली. रंग ओला होता, फागूचं नाव लांबपर्यंत फासलं. मी चार हातांवर उभा होतो, डबी माझ्याच हातात. पुसून झाल्यावर माझ्याकडं वळली.

"दसाराम भाऊ, मेला ना थो. आता त सोडा त्याले."

हीच ती वेळ होती — अजून एक. डोंगा, पारीवरची शिदोरी, बाज आन ही. मी काय केलं? डबीचं झाकण लावलं आन घरी आलो.

रात्रभर विचार केला असं लिहीन, त खोटं होईल. झोपलो मस्त. सकाळी उठून केशोरीले जाऊन ही वही आणली. लिहिता लिहिता ध्यानात आलं, पाटीवर मी काय चुकलो. पाहणारा म्हणून एकच नाव लिहिलं. दुसरं नाव पुन्हा लपवलं. एकट्या फागूचं नाव लिहिलं की थट्टा होते. माझं नाव खाली आलं असतं, त कोणाची हसाची हिंमत होती?

भागरताले वाचता येत नाही. म्हणजे वही तिच्या हातात देऊन सुटता येत नाही. उद्या मोठं जाळं आहे, सगळे ढिवर, सगळी टोली पारीवर जमल मासोळी वाटाले. तीही येते. तिथं पाटीखाली उभा राहून मी ही वही वाचीन. पहिल्या ओळीपासून. तीन सकाळी एकट्यानं पायलं तेही, सगळा भात खाल्ला तेही. कोणी थांबव म्हटलं तरी थांबणार नाही. माझी खोड सगळ्यांना ठाऊक आहे. ती थुंकली त थुंकल. वही संपेपर्यंत तोंड पुसणार नाही.

मंग पाटीवर लिहीन. शब्द ठरवून ठेवले आहेत, काना-मात्रा पोराच्या जुन्या पुस्तकात पाहून घेतली:

सोंगाड्या बदक. पहिले पायलं फागूनं, उघड्या डोळ्यानं. मंग पायलं दसारामनं, दुर्बिणीतून. दसाराम खोटं बोलला.

डबी हलवून पायली. रंग पुरल.